माशाचा जखमी डोळा आणि उजेड-अंधाराचे वेळापत्रक

माणसाच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे पारपटल किंवा कॉर्निया, आणि प्रकाशाचे विद्युत्-संदेशांत रूपांतर करणारा मागचा पातळ पडदा, म्हणजे दृष्टिपटल किंवा रेटिना, हे एकाच अवयवाचे भाग असले तरी जखम झाल्यानंतर त्यांची वाट वेगळी होते. कुरुळी, चिंबळी, निघोजे आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काळी काच न लावता वेल्डिंगकडे पाहत राहिलेल्या कामगाराचे डोळे काही तासांनी चुरचुरू लागतात, लाल होतात, त्यांना पाणी सुटते आणि उजेड सोसवेनासा होतो. कारण ज्योतीतील अतिनील किरणांनी पारपटलावरच्या पेशींचा वरचा थर भाजलेला असतो. हा थर एरवीही सतत नवा होत असल्याने बहुधा एक-दोन दिवसांत तो भरून येतो आणि माणूस पुन्हा कामावर रुजू होतो. परंतु ग्राइंडरच्या चाकाचा उडालेला तुकडा डोळ्यात खोलवर घुसला, किंवा डोक्याला जबर मार बसून दृष्टिपटलापासून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, चिरडली गेली, तर तेथे मेलेली चेतापेशी पुन्हा निर्माण होत नाही आणि तुटलेला चेतातंतू पुन्हा मेंदूपर्यंत वाढत नाही. माणसाच्या प्रत्येक दृष्टिचेतेत साधारण दहा ते बारा लाख तंतू असतात आणि त्यांतला प्रत्येक तंतू जन्मभरासाठी एकदाच मिळालेला असतो.

माशांच्या बाबतीत हा नियम लागू होत नाही. सोनमासा किंवा झेब्रा मासा यांची दृष्टिचेता चिरडली किंवा पूर्ण कापली, तरी तिच्यातील तंतू काही आठवड्यांत पुन्हा वाढतात, मेंदूतील योग्य जागी पोहोचतात आणि माशाला पुन्हा दिसू लागते. इतकेच काय, दृष्टिपटलातील पेशी मेल्या तरी त्यांच्या जागी नव्या तयार होतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घटनेचा अभ्यास करताना संशोधकांच्या लक्षात आले की जखमी डोळ्याचे पुढे काय होते, हे त्या माशाला कोणत्या प्रकाशात ठेवले आहे यावरही अवलंबून असते. उजेड किती, तो किती तास, अखंड की रात्रीच्या खंडासह, स्थिर की लुकलुकता, या गोष्टींनी काही पेशींचे जगणे-मरणे ठरते आणि काही पेशींच्या जोडणीची अचूकता ठरते. ही दोन कार्ये वेगवेगळी आहेत आणि त्यांची गल्लत केली की या विषयातील निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात उभे राहिल्यासारखे वाटतात.

प्रकाशाचा मार्ग समजून घेतल्याखेरीज पुढचे प्रयोग कळणार नाहीत. दृष्टिपटलात पेशींचे थर असून सर्वांत मागच्या थरात प्रकाशग्राही पेशी असतात: मंद उजेडात काम करणाऱ्या शलाका पेशी आणि भरपूर उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी. त्यांनी टिपलेला संदेश मधल्या थरातील पेशींमार्फत सर्वांत आतल्या थरातील गुच्छिका पेशींकडे येतो. या गुच्छिका पेशींचे लांबलचक शेपटासारखे भाग, म्हणजे अक्षतंतू, एकत्र येऊन दृष्टिचेता तयार होते आणि ती माशाच्या मेंदूच्या वरच्या बाजूस असलेल्या दृक्-पिंडात जाऊन संपते. या सर्व थरांना आरपार भेदून उभ्या असलेल्या आधारपेशींना, जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइनरिख म्यूलर यांच्या नावावरून, म्यूलर पेशी म्हणतात. दृष्टिचेता चिरडली तर जखम गुच्छिका पेशींना होते. प्रखर उजेडाने इजा झाली तर ती मुख्यतः प्रकाशग्राही पेशींना होते.

माशाच्या डोळ्याचे आणखी एक वैशिष्ट्य येथे महत्त्वाचे ठरते. बहुतेक अस्थिमत्स्यांना पापण्या नसतात आणि त्यांची बाहुली उजेडाप्रमाणे फारशी लहान-मोठी होत नाही, त्यामुळे प्रखर उजेडापासून बचाव करण्याची व्यवस्था त्यांना दृष्टिपटलातच करावी लागते. दृष्टिपटलामागे काळ्या रंजकद्रव्याने भरलेल्या पेशींचा एक थर असतो. दिवस उजाडला की त्यातील रंजककण पुढे सरकून शलाका पेशींच्या टोकांभोवती पसरतात, शलाका लांबून त्या काळोख्या आवरणात शिरतात आणि शंकू पेशी आखडून प्रकाशाच्या समोर येतात. रात्री ही सारी हालचाल उलट्या दिशेने होते, शंकू मागे जातात आणि शलाका उघड्या पडतात. डोळ्याच्या आत रोज दोनदा होणारी ही जागांची अदलाबदल काही अंशी उजेडाने आणि काही अंशी शरीरातील जैविक घड्याळाने चालते. ज्या माशात रंजकद्रव्यच नाही, त्या वर्णहीन माशाच्या शलाका पेशींना दिवसाही आडोसा मिळत नाही. पुढे येणाऱ्या प्रयोगांत वर्णहीन मासे मुद्दाम निवडले गेले, त्याचे कारण हेच आहे.

उजेड स्वतःच जखम करू शकतो, हे माशांच्या आधी उंदरांच्या जातकुळीतील प्राण्यांत दिसले. बफेलो विद्यापीठातील वेर्नर नोएल यांनी १९६६ मध्ये असे दाखवले की प्रयोगशाळेतील पांढऱ्या घुशींना काही तास ते काही दिवस अखंड उजेडात ठेवले, तर त्यांच्या प्रकाशग्राही पेशी मरतात, आणि हा उजेड डोळा भाजून काढण्याइतका तीव्र असावाच लागतो असे नाही. आधी दीर्घकाळ अंधारात ठेवलेल्या प्राण्यांना त्याच उजेडाने अधिक इजा होते, ही त्यातली विशेष बाब होती. अंधारात शलाका पेशींत ऱ्होडॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन साठत जाते, आणि मग अचानक आलेल्या अखंड उजेडात त्याचे विघटन इतक्या वेगाने होते की पेशीला त्यातून निघणारी अपायकारक रसायने आणि ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू आवरता येत नाहीत. शेवटी पेशी आतूनच स्वतःला संपवण्याची क्रमबद्ध प्रक्रिया सुरू करते. तिला नियोजित पेशीमृत्यू म्हणतात. अंधार हा येथे विश्रांतीचा काळ न ठरता पुढच्या आघाताची तयारी ठरतो, आणि दिवसाच्या उजेडात वाढलेला प्राणी तोच आघात तुलनेने सोसतो.

हाच प्रयोग झेब्रा माशावर टॉमस विहटेलिक आणि डेव्हिड हाइड यांनी केला आणि २००० मध्ये प्रसिद्ध केला. दोन ते पाच सेंटिमीटर लांबीचा, अंगावर निळसर पट्टे असलेला हा मासा मूळचा भारतीय उपखंडातला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. उथळ, संथ पाण्यात आणि भातखाचरांच्या चरांत राहणारा हा मासा अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांच्यामुळे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आला. हाइड यांच्या गटाने प्रौढ वर्णहीन झेब्रा मासे आधी अंधारात ठेवून नंतर हजारो लक्स तीव्रतेच्या अखंड उजेडात ठेवले, तेव्हा त्यांच्या शलाका आणि शंकू पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या. घुशीचा प्रयोग येथेच थांबला असता. माशाच्या दृष्टिपटलात मात्र पुढच्या काही दिवसांत पेशीविभाजन सुरू झाले आणि साधारण चार आठवड्यांत दोन्ही प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी पुन्हा तयार झाल्या.

या नव्या पेशी म्यूलर पेशींपासून येतात, हे पुढील दशकात अनेक प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. सस्तन प्राण्याच्या जखमी दृष्टिपटलात म्यूलर पेशी फुगतात, काही वेळा वण तयार करतात आणि थांबतात. माशात त्या आपले प्रौढ रूप मागे सोडून भ्रूणावस्थेतील पेशींसारख्या होतात, एकदा विषम विभाजन करून एक नवी पूर्वज पेशी देतात आणि ती पूर्वज पेशी झपाट्याने वाढून गरजेच्या प्रकारच्या चेतापेशी बनवते. मरणाऱ्या प्रकाशग्राही पेशीच एक संदेशवाहक प्रथिन सोडून म्यूलर पेशींना जागे करतात, असे हाइड यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले. म्यूलर पेशीच्या या पुनर्जन्मात कोणती जनुके कोणत्या क्रमाने चालू आणि बंद होतात, याच्या तपासात मिशिगन विद्यापीठातील डॅनियल गोल्डमन यांच्यासोबत राजेश रामचंद्रन या भारतीय संशोधकाचा मोठा वाटा आहे. पुढे मोहाली येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, त्यांनी झेब्रा माशाच्या दृष्टिपटलाच्या पुनर्निर्मितीवरच आपली प्रयोगशाळा उभी केली.

पुण्यातही झेब्रा मासा अनोळखी नाही. आघारकर संशोधन संस्थेत चिन्मय पात्रा यांच्या गटाने या माशाच्या पाठीच्या मणक्यांमधील झिजलेल्या चकत्या पुन्हा भरून येण्यास मदत करणारे एक प्रथिन ओळखले, आणि पाषाण येथील आयसर पुणेमध्ये अर्णब घोष यांच्या गटाने वाढत्या चेतातंतूच्या टोकाची रचना सांभाळणाऱ्या फॉर्मिन-२ या प्रथिनाचा अभ्यास करताना, ते नसेल तर झेब्रा माशाच्या दचकण्याच्या प्रतिक्षेपामागील चेतापेशींचे जाळे नीट घडत नाही, हे दाखवले. हे दोन्ही प्रयोग डोळ्याच्या जखमेविषयी नाहीत. परंतु जखम झालेला अवयव पुन्हा कसा उभा राहतो आणि चेतातंतू आपली वाट कशी काढतो, हे दोन्ही प्रश्न दृष्टिचेतेच्या पुनर्वाढीचेच प्रश्न आहेत. एका जिल्ह्यात एवढ्या जवळजवळ हे काम चालते, याची महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांना फारशी कल्पना नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

आता दुसऱ्या प्रकारच्या जखमेकडे, म्हणजे चिरडलेल्या दृष्टिचेतेकडे वळता येईल. प्रौढ उंदराची दृष्टिचेता डोळ्याच्या मागे चिमट्याने दाबली, तर दोन आठवड्यांत गुच्छिका पेशींपैकी बहुतांश मरतात. झेब्रा माशात तीच चेता पूर्ण कापली तरी सुमारे तीन चतुर्थांश गुच्छिका पेशी कित्येक आठवड्यांनंतरही जिवंत आढळतात, आणि ज्या जगतात त्या आपला अक्षतंतू पुन्हा वाढवतात. जपानमधील कानाझावा विद्यापीठात सातोरू काटो यांच्या गटाने सोनमाशाच्या जखमी गुच्छिका पेशींत काय घडते ते पाहिले, तेव्हा असे दिसले की जखमेनंतर काही दिवसांतच इन्सुलिनसारख्या एका वाढ-घटकाची पातळी वाढते, त्याच्या संदेशाने पेशीतील जगण्याची साखळी सुरू होते आणि नियोजित पेशीमृत्यू रोखणारी प्रथिने वाढतात. घुशीच्या पेशीत त्याच काळात ही साखळी मंदावत असते. म्हणजे माशाची गुच्छिका पेशी जखमेनंतर जगते, ती प्रामुख्याने स्वतःच्या आतल्या रसायनांमुळे.

तिला जगण्यासाठी उजेड लागतो का, हा प्रश्न विचारण्याचा एक धारदार मार्ग १९८० च्या दशकात सापडला. केंड माशाच्या विषातील टेट्रोडोटॉक्सिन हे रसायन चेतापेशीतील विद्युत्-स्पंदने थांबवते. ते सोनमाशाच्या डोळ्यात वेळोवेळी टोचले की गुच्छिका पेशींची स्पंदने बंद होतात आणि उजेड असूनही मेंदूकडे संदेश जात नाही. अमेरिकेतील रोनाल्ड मायर आणि जॉन श्मिट यांनी हे प्रयोग स्वतंत्रपणे केले आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. डोळा असा मुका केला तरी तुटलेले तंतू वाढले, दृक्-पिंडापर्यंत गेले आणि तेथे साधारणपणे आपापल्या भागात पोहोचले. उजेडाच्या संदेशाशिवाय माशाची गुच्छिका पेशी जगू शकते आणि तंतूही वाढवू शकते, असा याचा अर्थ होतो. फक्त त्या तंतूंनी केलेली जोडणी ढोबळ राहिली.

ही ढोबळ जोडणी म्हणजे काय, हे समजण्यासाठी आधीच्या एका मोठ्या शोधाकडे जावे लागते. दृष्टिपटलावर पडलेले चित्र दृक्-पिंडावर एखाद्या नकाशाप्रमाणे उमटते: दृष्टिपटलात शेजारी असलेल्या दोन गुच्छिका पेशींचे तंतू दृक्-पिंडातही शेजारीच जाऊन मिळतात. रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात पाणसरड्यांचे डोळे १८० अंशांनी फिरवून त्यांची दृष्टिचेता कापली, तेव्हा नव्याने वाढलेले तंतू आपल्या जुन्याच जागी गेले आणि त्या प्राण्याला जग उलटे दिसू लागले; वर दाखवलेल्या भक्ष्यासाठी तो खाली झेप घेई, आणि अनुभवाने ही चूक कधीच सुधारली नाही. पुढे १९६३ मध्ये डोमेनिका अत्तार्दी यांच्यासह स्पेरी यांनी सोनमाशाच्या दृष्टिपटलाचा काही भाग काढून टाकून उरलेल्या भागाचे तंतू कोठे जातात ते पाहिले, आणि तेही आपल्या ठरलेल्या जागा शोधतात असे आढळले. प्रत्येक तंतूवर आणि दृक्-पिंडाच्या प्रत्येक जागेवर रासायनिक खुणा असल्या पाहिजेत, असा स्पेरी यांचा सिद्धांत होता, आणि अशा खुणांची प्रथिने १९९५ मध्ये प्रत्यक्ष हाती लागली. या खुणा अंधारातही काम करतात. तंतूला गाव सापडते ते या खुणांमुळे. गावातले नेमके घर शोधण्यासाठी मात्र आणखी काही लागते.

ते आणखी काही म्हणजे शेजाऱ्यांचा ताल. दृष्टिपटलातील शेजारच्या गुच्छिका पेशी एकाच दृश्याचा तुकडा पाहत असल्याने जवळजवळ एकाच वेळी स्पंदतात, आणि दृक्-पिंडातील चेतापेशी एकाच वेळी येणाऱ्या संदेशांची जोडणी बळकट करते, एकट्या-दुकट्या वेळी येणाऱ्याची जोडणी सैल करते. आषाढीच्या आधी आळंदीत जमलेल्या गर्दीत वारकरी टाळ-मृदंगाच्या तालावरून आपली दिंडी ओळखून तिच्याजवळ सरकतो. सगळ्याच दिंड्या एका ठोक्यावर वाजू लागल्या, किंवा सगळ्याच गप्प झाल्या, तर त्याला आपली माणसे सापडणार नाहीत. श्मिट आणि आयझेल यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सोनमाशांवर नेमके हेच केले. दृष्टिचेता चिरडल्यानंतर काही मासे नेहमीच्या दिवस-रात्रीच्या उजेडात ठेवले, काही पूर्ण अंधारात ठेवले आणि काहींना ठरावीक अंतराने लखलखणाऱ्या, म्हणजे स्ट्रोब दिव्याच्या उजेडात ठेवले. स्ट्रोबच्या प्रत्येक लखलखाटाबरोबर दृष्टिपटलातील सर्वच गुच्छिका पेशी एकदम स्पंदतात, त्यामुळे शेजारी कोण आणि दूरचा कोण हा भेद पुसला जातो. अंधारात पेशी आपोआप स्पंदत असल्या तरी दृश्याने लावलेला शेजाऱ्यांचा ताल नसतो.

निकाल असा आला की तिन्ही गटांतील तंतू दृक्-पिंडात परतले आणि ढोबळ नकाशा सगळ्यांत तयार झाला. परंतु दृक्-पिंडातील एका बिंदूला डोळ्यासमोरच्या जगाचा किती मोठा तुकडा दिसतो, हे मोजले तेव्हा नेहमीच्या दिवस-रात्रीत राहिलेल्या माशांत तो तुकडा काही आठवड्यांत लहान आणि रेखीव झाला होता, तर स्ट्रोबमधील आणि अंधारातील माशांत तो दुपटीहून मोठाच राहिला होता. त्यांना दिसत होते, पण त्यांच्या मेंदूतील चित्र पसरट होते. लंडनमधील जे. ई. कुक यांनी तंतूंचा माग दाखवणारे रसायन वापरून केलेल्या स्वतंत्र मोजणीतही स्ट्रोब उजेडातील माशांत तंतूंची जोडणी अधिक विखुरलेली आढळली. आणि १९८७ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात असे दिसले की स्ट्रोब उजेडातही माशाच्या डोळ्यात ठळक, रेखीव प्रतिमा पडेल अशी व्यवस्था केली तर जोडणीची अचूकता सुधारते. हा निष्कर्ष विशेष मोलाचा आहे. लुकलुकणे हे मूळ कारण नव्हतेच. उजेडात चित्र आहे की नाही, यावर सारे अवलंबून होते.

या प्रयोगांवरून उजेडाच्या दोन कामांतील भेद स्पष्ट दिसतो. प्रकाशग्राही पेशीसाठी उजेड हे खाद्यही आहे आणि विषही, आणि तेथे त्याची मात्रा, आधीचा अंधार आणि सलगपणा यांवर पेशी जगेल की मरेल हे ठरते. गुच्छिका पेशीसाठी, निदान माशात, उजेड हा जगण्याचा आधार नसून जोडणी सुधारणारा शिक्षक आहे. एकाच मत्स्यटाकीत दृष्टिचेतेची जखम बरी व्हावी म्हणून अखंड उजेड ठेवला, तर तंतूंना शेजाऱ्यांचा ताल मिळत राहीलही, पण त्याच डोळ्यातील शलाका पेशींना धोका निर्माण होईल, आणि वर्णहीन जातीच्या माशात तो धोका बराच मोठा असेल. म्हणून डोळ्याच्या जखमेवरील कोणत्याही प्रयोगाच्या वर्णनात माशाची जात, रंग, उजेडाची तीव्रता आणि तास यांची नोंद नसेल, तर त्या प्रयोगातील पेशींच्या आकड्यांवर विसंबणे कठीण होते.

उजेडाचा तिसरा परिणाम डोळ्याला वळसा घालून होतो. डेव्हिड व्हिटमोर, निकोलस फोक्स आणि पाओलो सासोने-कोर्सी यांनी २००० मध्ये दाखवले की झेब्रा माशाचे हृदय किंवा मूत्रपिंड शरीराबाहेर काढून पोषक द्रवात ठेवले, तरी त्यांतील पेशींचे दैनंदिन घड्याळ थेट उजेडानेच जुळवले जाते. त्यासाठी डोळा किंवा मेंदू लागत नाही. पुढच्या अभ्यासांत या माशाच्या पेशींचे विभाजनही उजेड-अंधाराच्या चक्राशी बांधलेले असल्याचे आणि कापलेल्या पराच्या पुनर्निर्मितीत पेशी दिवसातील ठरावीक वेळी अधिक विभाजित होत असल्याचे आढळले. म्यूलर पेशींची पुनर्निर्मितीही विभाजनावरच उभी असते, त्यामुळे मत्स्यगृहातील दिवे चुकीच्या वेळी लागले किंवा विझलेच नाहीत, तर त्याचा परिणाम जखम भरण्याच्या वेळापत्रकावर होण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. जगभरातील प्रयोगशाळांत झेब्रा मासे साधारण २८ अंश सेल्सिअस पाण्यात, १४ तास उजेड आणि १० तास अंधार या चक्रात ठेवले जातात आणि दिवे लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ते अंडी घालतात. टायमरवर चालणारे हे दिवे सोयीसाठी लावलेले वाटतात, पण तेही प्रयोगाचाच एक भाग असतात.

प्रयोगशाळेबाहेरच्या माशाला मात्र टायमर लावून दिलेला नसतो. इंद्रायणी नदी देहूहून आळंदीकडे जाताना मोई, चिखली, मोशी, कुरुळी, चिंबळी या गावांच्या परिसरातून वाहते, आणि या पट्ट्यात तीन शिफ्टमध्ये चालणारे कारखाने, गोदामांची आवारे, महामार्गावरचे पथदिवे आणि चौकांतले हायमास्ट यांमुळे रात्रीचे आकाश पूर्वीसारखे काळे राहिलेले नाही. या नदीतील माशांची पद्धतशीर नोंद नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात प्रदूषण, परकीय माशांची वाढ आणि अधिवासाचा ऱ्हास यांवर भर आहे आणि तो योग्यच आहे, कारण फेसाळणाऱ्या पाण्यात प्राणवायूची कमतरता ही रात्रीच्या दिव्यांहून कितीतरी तातडीची अडचण आहे. तरीही रात्रीचा मंद उजेड माशाच्या शरीराला जाणवतो, याचा पुरावा बर्लिन येथील गोड्या पाण्याच्या परिसंस्थेच्या संशोधन संस्थेने युरोपीय पर्च माशांवर दिला आहे: रात्री केवळ एक लक्स उजेड असला तरी त्यांच्या शरीरातील मेलाटोनिन, म्हणजे अंधाराची खबर देणारे संप्रेरक, दबले. एक लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याहून काही पटींनी जास्त, पण रस्त्यावरच्या दिव्याखाली पडणाऱ्या उजेडाहून पुष्कळ कमी. एवढ्या उजेडाने शलाका पेशी मरत नाहीत. घड्याळ मात्र चुकू शकते.

माशांवरील या ज्ञानाचा सस्तन प्राण्यांना काही उपयोग होईल का, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत गंभीरपणे विचारला गेला. स्टॅनफर्ड येथील बेन बॅरस यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये दाखवले की प्रयोगशाळेत वाढवलेल्या घुशीच्या गुच्छिका पेशींना फक्त वाढ-घटक दिले तर त्यांचे तंतू हळू वाढतात, पण त्याच वेळी त्यांना विद्युत्-उत्तेजन दिले तर वाढ-घटकांचा परिणाम वाढतो. म्हणजे सस्तन प्राण्याच्या पेशीत स्पंदन आणि वाढ यांचा संबंध माशाहून अधिक घट्ट असू शकतो. हाँगकाँगमधील एका गटाने २०१६ मध्ये मेलानोप्सिन या प्रकाशसंवेदी प्रथिनाचा उपयोग करून उंदराच्या जखमी गुच्छिका पेशींची पुनर्वाढ वाढवली. गुच्छिका पेशींपैकी ज्या थोड्या पेशी स्वतःच मेलानोप्सिन बनवतात आणि उजेड थेट ओळखतात, त्या दृष्टिचेतेच्या जखमेनंतर इतरांपेक्षा अधिक टिकाव धरतात, हेही याच काळात स्पष्ट झाले होते.

२०१६ मध्येच अँड्र्यू ह्यूबरमन यांच्या गटाने उंदराच्या चिरडलेल्या दृष्टिचेतेवर दोन उपाय एकत्र केले. एका बाजूला पेशीतील एमटॉर या वाढीच्या यंत्रणेला जनुकीय मार्गाने चालना दिली, आणि दुसऱ्या बाजूला उंदरांना रोज काही तास पडद्यावर सरकणारे काळे-पांढरे पट्टे दाखवले, म्हणजे ठळक, हलते चित्र असलेला उजेड दिला. दोन्ही उपाय स्वतंत्रपणे वापरले तेव्हा तंतूंची वाढ मर्यादित राहिली. एकत्र वापरले, आणि सोबत चांगला डोळा बंद ठेवून जखमी डोळ्यालाच पाहण्यास भाग पाडले, तेव्हा काही तंतू डोळ्यापासून मेंदूपर्यंतचे पूर्ण अंतर कापून दृष्टीशी संबंधित केंद्रांत पोहोचले आणि इतर केंद्रांना टाळून नेमक्या आपल्या केंद्रांशी जोडले गेले. त्या उंदरांचे काही दृश्य प्रतिसाद परतले, सगळे परतले नाहीत, आणि परतलेल्या तंतूंची संख्या निरोगी चेतेच्या तुलनेत अगदी थोडी होती. सोनमाशाला जखमेनंतर जगण्याची यंत्रणा शरीरातूनच मिळते आणि उजेडाकडून तो फक्त नकाशा घेतो. उंदराला ती यंत्रणा बाहेरून बसवावी लागली, आणि ती चालू झाल्यावर त्यालाही पुढची वाट दाखवायला दिव्याऐवजी चित्रच लागले.